विचारल्याशिवाय होळी पेटत नाही

वाशीम जिल्ह्यातले राजे म्हटलं की जाणकार माणूस थेट वाकाटकांवर येतो. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. शाखेचा संस्थापक सर्वसेन प्राकृतात काव्य लिहायचा. पुढच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच मिळाला. एवढी पुण्याई गाठीशी असून बालाजी मंदिरापासून पद्मतीर्थापर्यंत हिंडलो, तर या राजांच्या नावाची एक पानटपरीसुद्धा दिसली नाही. राज्य गेलं, ताम्रपट अभ्यासकांकडे राहिला, विषय संपला.

मी निघालो होतो ते हयात राजे बघायला. डोक्यात खूळ भरलं होतं घानानं. घाना हे प्रजासत्ताक आहे, राष्ट्राध्यक्ष मतपेटीतून येतो. तरी कुमासी शहरातल्या मान्ह्या राजवाड्यात अशांती लोकांचा राजा, असान्तेहेने, आजही दरबार भरवतो. ओसेई टुटू दुसरे हे १९९९ पासून गादीवर आहेत. दर बेचाळीस दिवसांनी अक्वासिदाए नावाचा सोहळा होतो: मोठ्या छत्रीखाली राजा, अंगावर सोनं, समोर माणसाच्या उंचीचे ढोल, आणि रांगेनं मुजऱ्याला येणारे लहानमोठे सरदार. कर गोळा करायचा हक्क नाही, फौज नाही, फाशी देणं तर दूरच. मग माणसं येतात कशाला? असं काही आपल्याकडे उरलंय का, हा प्रश्न काही सुटेना.

संस्थानिकांकडे जाण्यात अर्थ नव्हता. त्यांचे तनखे १९७१ च्या घटनादुरुस्तीनं गेले आणि वाड्यांची हॉटेलं झाली. डांगातल्या आहव्याला दरवर्षी होळीच्या तोंडावर दरबार भरतो, सरकार पाच भिल्ल राजांचा मान करतं आणि त्यांना पेन्शन देतं. १८४२ साली इंग्रजांनी त्यांच्या जंगलाचा पट्टा घेतला, त्याचा हा मागे उरलेला व्यवहार. पण तिथं राजाला मान देणारं सरकार. मला पाहायचा होता तो राजा ज्याला त्याच्या माणसांनीच ठेवलाय. एका मित्रानं सांगितलं, ‘‘मानोऱ्याकडे जा. होळीला जा. तांड्याचा नायक बघ.’’

वाशीमहून मंगरुळपीर आणि तिथून मानोरा. मार्चात हा मुलूख डोळ्यांना उघडाबोडका दिसतो. सोयाबीन कधीच निघालेलं, तुरीच्या काड्यांचे भारे बांधाला लावलेले, पऱ्हाटीची उपटून ढिगारलेली लाकडं. बाकी सगळं करडं, त्यात पळस तेवढा पेटलेला. मंगरुळपीरला एसटीत शेजारी एक म्हातारी येऊन बसली. अंगात आरशांची काचळी, घेरदार फेटिया, कानाशेजारी केसांत अडकवलेल्या चांदीच्या घुगऱ्या. बंजारा बायकांचा हा पेहराव आता याच वयात दिसतो. मांडीवर तिनं एक पिशवी घट्ट धरली होती. कंडक्टरनं विचारलं, ‘‘काय हाय वं याडी, सोनं हाय काय?’’ म्हातारीनं पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत नातवाचं नवं झबलं-टोपडं आणि गुळाची भेली होती. नातू याच वर्षी झालेला. म्हणजे होळीला त्याचा धुंड, वर्षात झालेल्या मुलाचा विधी. पोरगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, कारखान्याच्या पट्ट्यातून परस्पर तांड्यावर पोचणार होते. ‘‘मुकादमानं सोडलं तं येतीन,’’ म्हातारी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

आधी पोहरादेवीला उतरलो. बंजारा समाजाची ही काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं आहे, जगदंबेचं मंदिर आहे, आणि जवळच उमरीला सामकी मातेचं ठाणं. रामनवमीला देशभरातल्या तांड्यांतून माणूस लोटतो. मी गेलो तेव्हा त्या मानानं सामसूम होती. सेवालाल १५ फेब्रुवारी १७३९ चे, आजच्या आंध्रातल्या अनंतपूर भागात जन्मलेले. वडील भीमा नायक, हजारो बैलांच्या तांड्याचे धनी. म्हणजे ज्याला सगळे सेवाभाया म्हणून हात जोडतात तो संतही नायकाच्याच घरातला. समाधीसमोर निखाऱ्यांवर तूप आणि गोडाचा भोग चढत होता. धुरानं डोळे चुरचुरत होते आणि एक बाप्या कुणाचीही पर्वा न करता खड्या आवाजात अरदास म्हणत होता.

बाहेर नंगारा वास्तुसंग्रहालय उभं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ४ मजले, १३ दालनं, आणि इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा. हिंडताना मनात आलं की हे साल मजेशीर होतं. २०२४ च्याच मे महिन्यात कुमासीच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात अशांती राजांच्या सोन्याच्या वस्तू मांडल्या गेल्या. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातल्या लढायांत लुटून नेलेल्या त्या वस्तू लंडनच्या दोन संग्रहालयांनी परत केल्या, पण उसन्या म्हणून! आपल्याच राजाचं सोनं मुदतीच्या बोलीवर. त्या हिशेबात बंजारा सुखी म्हणायचे. त्यांच्या नायकाकडे लुटून नेण्याजोगं सिंहासन नव्हतंच. बैलांच्या पाठीवर सिंहासन लादून कोण फिरणार?

बैल मात्र होते, आणि त्यांची गणती राजालाही हेवा वाटावा अशी होती. मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचं, याला लदेणी म्हणायचे. सतराव्या शतकात शाहजहानच्या वजिराची, आसफ खानाची, फौज विजापूरवर चालून दख्खनेत आली, तेव्हा तिच्या रसदीला जंगी आणि भंगी या नायकांचे १ लाख ८० हजार बैल होते असं सांगतात. बैल पुढे सरकावेत म्हणून वजिरानं त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, ही कथा तांड्यातांड्यात ऐकू येते. घरातल्या रांजणातलं पाणी आणि छपराचं गवत घ्यायची मुभा, दिवसाला तीन खून माफ, आणि वजिराचे घोडे जिथं जातील तिथं यांचे बैल. वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज नावाच्या अधिकाऱ्यानं बंजाऱ्यांवर टिपण लिहिलं, ते १८८२ मध्ये पुन्हा छापलं गेलं. रसेल या इंग्रज अधिकाऱ्यानं जातीजमातींवरच्या १९१६ च्या आपल्या ग्रंथात बंजाऱ्यांवरचं प्रकरण मुख्यतः त्याच्याच आधारानं रचलं. त्यात ही सनद आली आहे. कथेतला पाणी-गवताचा भाग मला जास्त खरा वाटतो. एवढ्या बैलांना वाटेत चारा-पाणी कोण देणार, हाच रोजचा तंटा असणार. खुनाची माफी ही त्यावरची फोडणी.

तेव्हाचा नायक खरंच राजा होता. मुक्काम कुठं टाकायचा, कुणाशी भाव ठरवायचा, चुकलेल्याला काय शिक्षा, सगळं त्याच्या तोंडून. हाताशी कारभारी, न्यायनिवाड्याला हसाबी-नसाबी, वंशावळ गायला ढाडी, नंगारा वाजवायला ढालिया. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज वऱ्हाडात लढली, तिलाही धान्य बंजाऱ्यांनीच पुरवलं. पुढं १८६७ मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरला गेली आणि बैलाच्या पाठीवरच्या मिठाला गिऱ्हाईक उरलं नाही. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. फिरत्या माणसाकडे सरकार संशयानं बघू लागलं. तांडे माळावर, डोंगराच्या कडेला बसले ते बसलेच. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि ‘विमुक्त’ ही नवी चिठ्ठी लागली. बैल गेले, वाट गेली, शिक्षेचा अधिकार गेला. नायक राहिला.

तो कसा राहिलाय, हे मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावर होळीच्या आदल्या संध्याकाळी पाहिलं. तांड्याचं नाव लिहीत नाही. अशा ठिकाणी नाव लिहिलं की माणूस ओळखू येतो. सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना ओळीनं घरं, तोंडाशी दोन लहान देवळं: पांढऱ्या झेंड्याचं सेवालालांचं, लाल झेंड्याचं देवीचं. नायकाचं घर बाकीच्यांसारखंच, पत्र्याचं. दारापुढे लिंब आणि लिंबाखाली बाज. बाजेवर नायकबापू बसलेले, धोतर, पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी पागडी. पागडी बहुधा तेवढ्यापुरतीच बांधली होती, कारण एका कानावर ती सारखी घसरत होती आणि ते ती वर सारत होते. माझ्यासाठी आतून प्लास्टिकची खुर्ची आली. पलीकडच्या खुर्चीत सरपंचबाई होत्या, हातात फोन.

गावची होळी संध्याकाळी पेटते, तांड्याची पहाटे. मधली रात्र लेंगीची, म्हणजे होळीच्या गाण्यांची. पण त्याआधी पोरांनी, म्हणजे गेरियांनी, नायकाच्या दारी येऊन विचारायचं असतं. पंचवीस-तीस पोरं आली. निम्म्यांची केसांची कटिंग ताजी, पुण्या-मुंबईची. कुणी बांधकामावर, कुणी कंपनीत, कुणी ऊसतोडीवरून दुपारीच उतरलेला. बाजेपासून चार हातांवर थांबली आणि गप्प झाली. बोलायला सुरुवात केली कारभाऱ्यानं. पोरं काय मागतायत ते त्यानं नायकाला सांगितलं. वास्तविक नायक तिथंच बसले होते आणि पोरं काय मागतायत हे त्यांच्या जन्मापासून त्यांना ठाऊक होतं. अशांती दरबारातही राजाशी थेट बोलत नाहीत. ओक्येआमे नावाचा दरबारी सोन्यानं मढवलेली काठी घेऊन दोघांच्या मध्ये उभा असतो. कारभाऱ्याच्या हातात काठीच्या जागी तंबाखूची डबी होती, एवढाच फरक.

नायकबापू लगेच हो म्हणाले नाहीत. आधी विचारलं, लाकडं कुठून आणली? कुणाच्या बांधावरची तोडली नाहीत ना? मग म्हणाले, वरच्या ओळीत म्हातारा जाऊन महिना झालेला नाही, त्या दारावरून जाताना डफडं वाजणार नाही. मग मुद्द्याची गोष्ट आली. पोरांनी डीजे ठरवला होता, आगाऊ पैसेही दिले होते. नायक म्हणाले, ‘‘चार घरी दहावीची पोरं हायेत. पेपर बाकी हायेत. डीजे दहा वाजता बंद. मंग लेंगी तोंडानं म्हणा, येत असन तं.’’ पोरांत कुजबुज झाली. एकजण पुटपुटला की डीजेवाला पैसे परत देणार नाही. कारभाऱ्यानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यावर होकार झाला, पोरांनी पाया पडून घेतलं, आणि रिकाम्या हातानं उभी असलेली ती गर्दी एकदम ओरडत लाकडांकडे पळाली.

रात्री दहाला डीजे बंद झाला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती, खरं सांगायचं तर. डीजे बंद ठेवा म्हणून पोलीसही सांगतात, आणि शहरात त्यांचं कोण ऐकतं ते आपण बघतोच.

नंतर बाजेवर बसून निवांत बोलणं झालं. मी नायकबापूंना विचारलं, सरपंच मोठा की नायक? उत्तर कारभाऱ्यानंच दिलं. ‘‘रस्ता सरपंचाचा, होळी नायकाची.’’ सरपंचबाई हसल्या. त्या नायकांच्याच भावकीतल्या. म्हणाल्या, ‘‘रस्त्याले निधी लागते, भाऊ. होळीले निधी लागत नाही म्हणून थे यांच्याकडे राह्यली.’’ त्या बोलण्यात थट्टा होती तशी नोंदही होती. श्रावणात तीज आली की कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, त्याची परवानगी नायकाकडून. दिवाळीला पोरी दिवे घेऊन मेरा मागायला निघतात, पहिलं दार नायकाचं. लग्न जुळलं, गूळ वाटायचा, तर आधी नायकाला बोलावणं. पण मळाव भरला, म्हणजे पंचांची बैठक बसली, की तिथं आजही बाप्येच बोलतात. सरपंचबाईंना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘ग्रामसभेत मी बोलतो, तवा हे ऐकतात. मळावात हे बोलतात, तवा मी घरून ऐकतो.’’

मळावाचा धाक पूर्वी भलताच होता. दंड, जेवणावळ घालायची सक्ती, आणि न ऐकणाऱ्याशी रोटी-बेटी बंद. तो काळ सोन्याचा होता असं म्हणायची माझी तयारी नाही. ज्या बैठकीत बाईला तोंड नाही आणि गरिबाला दंड परवडत नाही, तिथला न्याय झटपट असला तरी न्याय असतोच असं नाही. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. नायकबापूंना तो पाठ होता. भांडणं अजून येतात का, म्हटलं, तर म्हणाले, ‘‘येतात. पण आता मी सांगतो, पटलं तं घ्या, नाही पटलं तं ठाणं हाय मानोऱ्याले.’’ हे सांगताना त्यांच्या आवाजात खंत शोधली, पण सापडली नाही. उलट ओझं उतरल्यासारखं बोलत होते.

इथं घानाची एक गोष्ट आठवते. तिथल्या १९९२ च्या संविधानानं पारंपरिक राजांची संस्था जपण्याची हमी दिली आणि त्याच प्रकरणात अटही घातली: राजानं पक्षाच्या राजकारणात सक्रिय व्हायचं नाही, निवडणूक लढवायची तर गादी सोडायची. आपल्याकडे उलटं घडलं. नायकाला कागदावर काहीच नाही, म्हणून अटही नाही. इथून फार लांब नाही, पुसद तालुक्यातलं गहुली. तिथल्या नायकाच्या घरात १ जुलै १९१३ ला वसंतराव नाईक जन्मले आणि १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षांवर त्यांनी मुख्यमंत्रिपदाची खुर्ची सांभाळली. पुढं त्यांचे पुतणे सुधाकररावही मुख्यमंत्री झाले. तेव्हापासून प्रत्येक पक्षाला तांड्यात शिरायचं दार म्हणजे नायकाचं दार. निवडणुकीत चहा प्यायला कोण कोण येऊन गेलं, ते कारभाऱ्यानं बोटांवर मोजून दाखवलं. घानानं राजाला निवडणुकीपासून दूर ठेवून त्याचा मान राखला. आपला नायक त्या चिखलातूनच चालतो. कुठल्या पक्षाचा शिक्का बसला की तांड्याचे दोन भाग होतात आणि दोन होळ्या पेटतात. आसपास तशी उदाहरणं आहेत, हे तिथं कुणी लपवलं नाही.

लेंगी रात्रभर चालली. तोंडानं म्हणायची वेळ आली तशी जुनी माणसं पुढं सरकली, कारण पोरांना दोन कडव्यांपुढे येत नव्हतं. पहाटे होळी पेटली. उजाडल्यावर धुंड सुरू झाले. एसटीतली म्हातारी दिसली. मुकादमानं सोडलं होतं, सून दारात उभी होती. बाळाला मांडीवर घेतलं, वर चौघांनी चादरीची चार टोकं धरली आणि गेरियांनी काठीवर काठी आपटत आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. बाळानं भोकाड पसरलं, नवं टोपडं नाकावर आलं. आधी नायकबापूंनी त्याच्याकडे वाकून पाहिलं आणि नाव विचारलं, मग बापाचं नाव, मग आजाचं. सगळं ठाऊक असताना विचारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा उच्चारलं. वर्षात झालेल्या प्रत्येक मुलाच्या दारात हेच. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर तो पोरगा नंतर चढेल. तांड्यात त्याची नोंद त्या सकाळी झाली. मुलींचे धुंड होत नाहीत, हे मी विचारलं तेव्हा नायकबापू पागडी सारखी करत म्हणाले, ‘‘अजून तं नाही.’’

मान्ह्यातल्या ढोलांपुढे माणसं का जातात, याचं उत्तर मला इथं थोडं हाती लागलं. हुकूम सोडणारा राजा कायद्यानं संपवता येतो आणि तो संपला ते बरंच झालं. पण ज्याला विचारायला जावं लागतं असं एक दार असलं की सहा महिने सहा गावी पांगलेली माणसं वर्षातून एकदा त्या दारात एकत्र उभी राहतात, कोण आलं, कोण राहिलं, कुणाच्या घरी सुतक आहे, कुणाच्या घरी पाळणा, याचा मेळ बसतो. ऊसतोडीवर पोट असलेल्या समाजाला हा मेळ दुसरं कुणी घालून देत नाही.

निघताना पुढच्या नायकाचा विषय निघाला. गादी घराण्यात चालते. थोरला मुलगा पुण्याला कंपनीत, चांगला पगार, दोन वर्षं होळीला आला नव्हता. धाकटा इथंच, शेती बघतो, शिक्षण बेताचं. थोरल्याचा हक्क डावलायचा कसा, यावर भावकीत दोन मतं होती आणि नायकबापू त्यावर बोलायला तयार नव्हते. कारभारी मला दिग्रसच्या फाट्यापर्यंत सोडायला आला. मोटरसायकल थांबवून त्यानं तंबाखू मळली आणि मी न विचारताच निकाल सांगून टाकला: ‘‘मोठा येवो नाही तं धाकटा राहो. पोरं विचाराले येतीन तवा जो दारात बसला असन, थो नायक.’’